मणका आणि खालचा बर्थ

"तुम्ही खुशाल खाली झोपा हो. आमची रेवती जाईल वर. तरणीताठी पोर, तिला काय धाड भरलीय!"

हे वाक्य माझं. नाशिकरोड सोडून दहा मिनिटंही झाली नव्हती आणि मी माझ्या सुनेचा खालचा बर्थ एका अनोळखी बाईला देऊन मोकळी झाले होते. दुसऱ्याची वस्तू असली की माझा हात भलताच सढळ.

त्या बाई म्हणजे पुलगावच्या गिरजाबाई राऊत. साठीच्या पुढच्या, नऊवारीतल्या, दोन्ही गुडघ्यांना लोकरीच्या पट्ट्या बांधलेल्या. लेकीकडून परत निघाल्या होत्या आणि जावयाने तिकीट काढलं ते नेमकं सगळ्यात वरच्या बर्थचं. आल्या आल्या त्यांनी वर बघितलं आणि कपाळाला हात लावला.

"अवो बाई, मी काय माकड हाय का? माह्या गुडघ्यात जीव नाही. वरते कशी चढू मी?"

माझं माहेर वर्ध्याचं. ती बोली कानावर पडली की मी पाघळते. समोरासमोरचे दोन्ही खालचे बर्थ आमचे, एक माझा, एक रेवतीचा. मी लगेच रेवतीचा देऊन टाकला.

रेवती पिशवी आत सरकवत होती. ती तशीच वाकलेली थांबली. "आई, मी..."

"काय गं?"

"नाही, म्हणजे... मला आज खालीच बरं पडेल."

"का? पाय दुखतात? पंचविसाव्या वर्षी?"

मी हे मुद्दाम मोठ्याने म्हटलं. मधल्या बर्थचे दोन गृहस्थ वर्तमानपत्रं बाजूला करून बघायला लागले. रेवतीचं तोंड एवढंसं झालं.

"काही नाही. जाते मी वर," ती म्हणाली.

"मीच दिला असता हो माझा," मी गिरजाबाईंना म्हटलं, "पण काय करणार? मणका! बारा वर्षं झाली. पट्टा बांधूनच प्रवास करावा लागतो." आणि पदर सारून कमरेचा पट्टा दाखवला.

आता या मणक्याचं सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

बारा वर्षांपूर्वी गॅसचा सिलिंडर सरकवताना माझ्या कमरेत खरोखर उसण भरली होती. डॉक्टरांनी पट्टा दिला, तीन आठवडे वाकायचं नाही म्हणून सांगितलं. त्या तीन आठवड्यांत आमच्या ह्यांनी जन्मात पहिल्यांदा पिण्याचं पाणी भरलं. माझ्या सासूबाई, ज्यांनी वीस वर्षांत मला "बस जरा" म्हटलं नव्हतं, त्या म्हणाल्या, "कुंदा, तू पड, मी करते पोळ्या." मी पडल्या पडल्या छताकडे बघत रडले होते, सुखाने. तीन आठवडे झाले, उसण निघून गेली. मणका मात्र मी ठेवून घेतला. नकोशा बारशाला जायचं नसलं की मणका. दिवाळीची साफसफाई निघाली की मणका. बाईमाणसाला घरात रजा मिळत नाही, आजारपण मिळतं. मला ते लागू पडलं आणि मी सोडलं नाही. बारा वर्षांत कुणाला संशय आला नाही, कारण मी कधी चुकले नाही. पट्टा बांधल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाही.

तर अशी मी, आणि माझी सून. माझ्या भाच्याच्या लग्नाला वर्ध्याला चाललो होतो. हे आणि माझा मुलगा मंदार लग्नाच्या दिवशी येणार होते. तिकिटं मंदारनेच काढली होती. "आई, दोन्ही लोअर मिळवलीत," असं त्याने सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, "तिला लोअर कशाला? बारीकशी तर आहे, चढेल की टुणकन." त्याने तिकिटं घडी करून खिशात घातली. स्टेशनवर गाडी सुटताना मात्र खिडकीशी वाकून म्हणाला, "आई, तिला जड काही उचलू देऊ नकोस हं."

"आणि मला रे? माझा मणका?"

तो कसंनुसं हसला.

हे मी आज, इतक्या वर्षांनी, ओळीने मांडते आहे. कुणीही म्हणेल, बाई, तुला दोन लेकरं झालेली, तुला एवढंही कळू नये? थांबा, ते पण सांगते.

आदल्या वर्षी रेवतीला दिवस गेले होते. दुसऱ्याच महिन्यात तिच्या आईने कौतुकाने सगळ्या गोतावळ्याला फोन केले, आणि पुढच्या पंधरवड्यात सगळं संपलं. दवाखान्यातून घरी आणलेल्या मुलीला मी काय म्हणाले असेन? "तीन महिने पुरे होईपर्यंत तोंडातून शब्द काढू नये. आमच्यात सख्ख्या बहिणीला सांगत नाहीत. गावभर डांगोरा पिटला, लागली नजर." तिने मान खाली घालून ऐकलं. मला वाटलं, चांगली समज दिली.

गाडीने वेग घेतला तशी माझी कळी खुलली. रात्रीच्या गाडीची मला भारी हौस. दिवसभराच्या रामरगाड्यातून सुटून आपण नुसतं बसायचं, आणि गाव आपोआप जवळ येत राहतं. डबा उघडला की शेजारचेही आपला डबा उघडतात. खालचा बर्थ असला की खिडकीची काच बोटभर वर ठेवायची, गार झुळूक कपाळावर घ्यायची, पाळण्यात घातल्यासारखं हलत झोपायचं. त्रास नाही असं नाही. संडासाचा वास, कुणाचं तरी घोरणं, आणि मधला बर्थ लावला की कुबड काढून बसावं लागतं ते. पण खालचा बर्थ मिळाला की यातलं काही टोचत नाही. म्हणून तर मी तो कधी सोडत नसे.

डबा सोडला. दशम्या, लसणाची चटणी, वांग्याची कोरडी भाजी. गिरजाबाईंनी ठेचा काढला. चटणीचं झाकण उघडलं तशी रेवतीने ओढणी नाकाला लावली आणि खिडकीकडे तोंड केलं.

"जेव की गं. तुझ्या आवडीची चटणी आहे."

"भूक नाही, आई. तुम्ही घ्या."

मनमाडला चहावाला आला. रेवती म्हणजे चहाची पक्की भक्त, झोपेतून उठवून दिला तरी घेईल. तिने नको म्हटलं. पर्समधून आवळ्याची सुपारी काढून तोंडात टाकली.

गिरजाबाई तिच्याकडे बघत होत्या. "पोरीची तब्येत बरी दिसत नाही वो," त्या हळूच म्हणाल्या.

"गाडी लागते तिला," मी म्हटलं.

गाडी कधी लागली नव्हती तिला. हे माझं मला माहीत होतं. उत्तर इतकं पटकन का तोंडात आलं, त्याचा मी तेव्हा विचार केला नाही. केला असता तर जेवण गेलं नसतं.

दहाला दिवे मालवले. मधले बर्थ लागले, ते दोघे गृहस्थ घोरायला लागले. गिरजाबाई "देवा पांडुरंगा, पोरीचं भलं कर" म्हणत रेवतीच्या बर्थवर आडव्या झाल्या. रेवती कडेच्या लोखंडी पायऱ्यांवर पाय ठेवत वर गेली. चढताना एका हाताने पायरी धरलेली आणि दुसरा हात पोटाशी. ओढणी सावरतेय, असं मी स्वतःला सांगितलं.

पहिल्यांदा ती उतरली जळगावच्या अलीकडे. संडासाकडे गेली, बराच वेळ आली नाही, मग परत चढली. दुसऱ्यांदा भुसावळला. तिसऱ्यांदा उतरली तेव्हा मी टक्क जागी होते. ती संडासापर्यंत पोचली नाही. दाराजवळच्या बेसिनशी तिला कोरडे उमासे येत होते, ते गाडीच्या आवाजातही मला ऐकू आले. आणि मला कळलं. कळलं म्हणजे काय, चटणीच्या झाकणापासून मला कळतच होतं. मी फक्त त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

आता उठायला हवं होतं. दुसरं काही नाही, एवढंच. "रेवती, तू इथे झोप, मी वर जाते." दहा शब्दसुद्धा नाहीत. मी तेव्हा पन्नाशीची होते, धडधाकट. आंब्याच्या झाडावर चढून वाढलेली मुलगी मी, ते चार गज मला काय जड होते?

पण वर गेले तर मणक्याचं काय? सकाळी गिरजाबाई विचारतील. रेवती मंदारला सांगेल, मंदार ह्यांना. सासूबाई गेल्या होत्या, पण नणंदा होत्या. बारा वर्षांच्या दिवाळ्या, बारशी, पोळ्या, सगळं एकेक करून लोकांना आठवेल. हसतील मला. मी अंधारात डोळे मिटून घेतले. मनाशी म्हटलं, आता एवढी रात्र काढली आहे, उरलेलीही निघेल. बायका शेतात राबून बाळंत होतात. काही होत नाही.

ती परत आली. माझ्या पायाशी क्षणभर थांबली. मला तिचा श्वास ऐकू येत होता. तिने हळूच हाक मारली, "आई?"

मी घोरले.

खोटं सांगत नाही, घोरले. व्यवस्थित, लय धरून. ती पायऱ्यांकडे वळली.

अकोला यायचं होतं. गाडीने कुठेतरी रूळ बदलला आणि डबा गचकन हेलकावला. वरच्या पायरीवरून तिचा पाय सुटलेला मी पाहिला, म्हणजे माझे डोळे उघडेच होते. पुढचं मला नीट आठवत नाही. मधल्या बर्थच्या कडेवर माझं डोकं आपटलं एवढं आठवतं, कारण ते टेंगूळ आठवडाभर होतं. मी स्प्रिंगसारखी उसळून बाहेर आले आणि खाली येणाऱ्या त्या मुलीला दोन्ही हातांनी कमरेत धरलं, तशीच उचलून छातीशी घेतली आणि माझ्या बर्थवर बसवली. पट्टा उशाला होता. झोपताना मी तो काढत असे.

"आई... आई..." ती एवढंच म्हणत होती. दोन्ही हात पोटावर.

गिरजाबाईंनी दिवा लावला. "लागलं काय वो पोरीले? पोटाले लागलं काय?"

"नाही. आईंनी धरलं."

"दिवस हायेत काय तुले?"

रेवतीने माझ्याकडे बघितलं नाही. गिरजाबाईंकडे बघूनच मान हलवली. "तिसरा. पुरा व्हायला अजून सतरा दिवस आहेत. मागच्या वेळी... म्हणून डॉक्टरांनी चढउतार नको म्हटलंय."

"अन् सासूले नाही सांगतलं?"

"तीन महिने कुणाला सांगायचं नसतं ना. आईच म्हणतात तसं."

त्या माउलीने सतरा दिवस मोजून ठेवले होते. माझा शब्द पाळायला. मला भुईने पोटात घ्यावं असं वाटलं, आणि खाली तर नुसती गाडी धावत होती.

गिरजाबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मी वाटेत उभी होते, ताठ, कमरेवर हात ठेवून. बिनपट्ट्याची.

"तुमचा मणका तं मोठा चांगला उडते वो बाई," त्या म्हणाल्या.

टोमणा होता की नुसतं नवल, मला आजही सांगता येत नाही. त्याच वेळी मी बोलले असते तर सुटले असते. सगळं बाजूला पडलं असतं, सुनेला वाचवली म्हणून उलट कौतुकच झालं असतं. पण तोंडातून काय निघालं?

"आई गं! मेले! कंबर गेली माझी!"

आणि मी वाकले. विव्हळले. बर्थच्या कडेला धरून बसकण मारली. बारा वर्षांची सवय, अंगाने आपोआप केलं. रेवती चटकन उठून बाजूला झाली. "आई, तुम्ही आडव्या व्हा आधी. माझ्यामुळे झालं हे. व्हा आडव्या."

आणि मी आडवी झाले हो! तिच्या जागी, पाय पसरून.

गिरजाबाई आपल्या बर्थवरून उठल्या, म्हणजे रेवतीच्याच बर्थवरून. "पोरी, तू झोप इथं. मी बसतो पायथ्याशी." रेवती नको नको म्हणत होती तरी तिला दंडाला धरून निजवलं, अंगावर आपली वाकळ घातली आणि त्या कोपऱ्यात गुडघे चोळत बसल्या. दुखऱ्या गुडघ्यांची बाई बसलेली, आणि न दुखणाऱ्या कमरेची बाई झोपलेली. मी कण्हत होते, कारण आता थांबायचं कसं ते कळत नव्हतं.

थोड्या वेळाने रेवती उठली. पर्समधून बामची डबी काढली आणि माझ्या बर्थच्या कडेला येऊन बसली.

"वळा आई. चोळून देते."

"नको गं. तू झोप."

"तुम्हाला बरं वाटेल. कुठल्या बाजूला?"

"डाव्या," मी म्हटलं.

ती चोळत राहिली. हात गार होते तिचे. मी भिंतीकडे तोंड करून रडत होते. तिला वाटलं दुखतंय. निदान मला वाटलं की तिला तसं वाटलं. बडनेरा गेलं. ती म्हणाली, "अजून दुखतंय?"

"हो गं, इथे, या बाजूला," मी हात मागे नेऊन दाखवलं.

तिचा हात थांबला.

"मघाशी डाव्या बाजूला म्हणाला होतात, आई," ती म्हणाली.

आवाजात काही नव्हतं. राग नाही, उपहास नाही. भाजीत मीठ घातलं का विचारावं तसा आवाज. मी श्वास रोखून पडले.  मग तिने डबीतून पुन्हा बोटभर बाम घेतला आणि उजव्या बाजूला चोळायला लागली.

पुलगावला गिरजाबाई उतरल्या. उतरताना रेवतीच्या गालावरून हात फिरवला. मला नुसतं "येतो बाई" म्हणाल्या. त्यांच्या गुडघ्यांना ती रात्र किती जड गेली ते मला त्या खाली उतरताना दिसलं. एकेका पायरीवर थांबत होत्या.

वर्ध्याला फटफटलं होतं. माझा दादा प्लॅटफॉर्मवर उभा होता. मी नकळत पिशवीला हात घातला, तर रेवती पुढे झाली.

"मामा, आईंना काही उचलू देऊ नका. रात्री त्यांच्या मणक्याला फार त्रास झालाय. मला पण उचलायचं नाहीये, तेवढं हमाल बघता का?"

दादा धावला. लग्नाच्या चार दिवसांत मला कुणी काडी उचलू दिली नाही. पंगतीत खुर्ची, झोपायला गादी. प्रत्येक जण विचारी, "कुंदाताई, कंबर कशी आहे?" प्रत्येक वेळी रेवती जवळ असली तर माझ्याआधी तीच उत्तर देई, "जरा बरी आहे आज." मला वाटायचं, ही आता बोलेल. मंदार आला की सांगेल. मंदार आला. तिने त्याला गाडीत पाय सटकल्याचं सांगितलं, आईंनी झेललं हे सांगितलं. बाकी काही नाही.

शाल्मली सुखरूप झाली. नात माझी, आता एकोणीस वर्षांची आहे, उंच आणि तोंडाळ, माझ्यावर गेलीय. मी गाडीत तिच्या आईला झेललं, ही गोष्ट घरात तिच्या प्रत्येक वाढदिवसाला सांगितली जाते. "आजीने स्वतःच्या मणक्याची पर्वा केली नाही," असं आमचे हे सांगायचे. मी ताटाकडे बघत जेवते.

आणि त्या लग्नाहून आल्यापासून रोज रात्री, जेवणं उरकली की रेवती गरम पाण्याची पिशवी घेऊन माझ्या खोलीत येते. आजारी असली तरी, भांडण झालं असलं तरी. दारात उभी राहून एकच विचारते.

"आज कुठल्या बाजूला, आई?"

एकोणीस वर्षं. मी कधी डावी म्हणते, कधी उजवी. आधी लक्षात ठेवायचे, मग सोडून दिलं. ती तेवढ्या बाजूला पिशवी ठेवते, वरून शाल टाकते आणि जाते. एकदा मी म्हटलं होतं, "नको गं आता, बरं आहे मला." तर म्हणाली, "असं कसं? जुनं दुखणं आहे." मग पुन्हा नको म्हणायची माझी छाती झाली नाही.

गेल्या महिन्यात मी न्हाणीघरात घसरले. फोटो काढला. डॉक्टरांनी चौथ्या आणि पाचव्या मणक्यावर पेन ठेवून दाखवलं. खरोखरचा मणका गेला माझा, सत्तरीला. रात्री कूस बदलता येईना, डोळ्यांतून पाणी. रेवती पिशवी घेऊन दारात आली.

"आज कुठल्या बाजूला, आई?"

"उजव्या," मी म्हटलं. "रेवती, आज खरंच उजव्या. आणि तेव्हा... त्या गाडीत, तू मला हाक मारलीस, तेव्हा मी जागी होते गं. मी..."

तिने पिशवी हातांत दाबून बघितली.

"वळा आई," ती म्हणाली. "पाणी गार होतंय."